रोमचं झिजलेलं तांबं वाचताना

रोमन नाणं हाती आलं की नवखा माणूस आधी चेहरा पाहतो. नाक कसं, हनुवटी कशी, आणि मग पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहणं. सोन्या-चांदीच्या, फारशा न हाताळलेल्या नाण्यांना ही रीत चालते. तांब्या-कांस्याच्या नाण्यांत ती हमखास फसवते. ही नाणी रोजच्या व्यवहाराची. पाव, दारू, सार्वजनिक स्नानगृहात शिरायचे पैसे, सगळं यांतूनच चुकतं व्हायचं. कित्येक वर्षं हातोहात फिरली आणि मग सोळाशे ते दोन हजार वर्षं मातीत पडून राहिली. चेहरा हा नाण्याचा सगळ्यात उठावदार भाग, म्हणून घासलाही आधी तोच जातो. उरतं ते कडेचं आणि खोलगट जागांतलं: लेखातली चार-सहा अक्षरं, तळच्या पट्टीतली टाकसाळीची खूण, मागच्या बाजूला उभ्या असलेल्या आकृतीच्या हातातली वस्तू. या उरलेल्यावरून नाणं ओळखायचं असतं. बहुतेक वेळा ते ओळखताही येतं, कारण हा पैसा पाडणारी यंत्रणा कमालीची शिस्तीची होती.

साहित्य फार लागत नाही. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टेबलदिवा. दिवा वरून धरायचा नाही. तो नाण्याच्या बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवायचा आणि नाणं सावकाश फिरवायचं. तिरप्या उजेडात पुसट अक्षरांच्याही सावल्या पडतात. भर उजेडात कोरं वाटलेलं नाणं असं फिरवताना अचानक तीन अक्षरं दाखवून जातं.

सुरुवात वजन, व्यास आणि धातू यांपासून करावी. इसवी सनापूर्वी २३च्या सुमारास सम्राट ऑगस्टसनं चलनाची घडी बसवली. सगळ्यात मोठं साधं नाणं सेस्टर्टियस, पितळेचं, साधारण २५ ग्रॅमचं. आपल्या जुन्या रुपयाच्या दुपटीहून जड. चार सेस्टर्टियस म्हणजे चांदीचा एक देनारियस. सेस्टर्टियसचा निम्मा दुपोंडियस, तोही पितळेचा. दुपोंडियसचा निम्मा आस, तो शुद्ध तांब्याचा. आसचा चौथा हिस्सा क्वाड्रन्स, तोही तांब्याचा. म्हणजे संग्राहक सरसकट ‘रोमन ब्राँझ’ म्हणतात त्यातलं सुरुवातीचं बरंचसं ब्राँझ नाहीच.

अडचण येते ती दुपोंडियस आणि आस यांच्यात. दोन्ही हाताला सारखीच लागतात, व्यास २५ ते २८ मिलिमीटर, वजन दहा ते तेरा ग्रॅम. रोमन माणसाला पिवळं कुठलं आणि तांबडं कुठलं हे दुरूनही कळे. आज दोन्हींवर हिरवा-तपकिरी थर चढलेला असतो. धातू पाहायला कड खरवडायचा मोह होतो, तो आवरावा. उत्तर डोक्यावर मिळतं. सन ६४च्या सुमारास नीरोच्या टाकसाळीनं दुपोंडियसवर सम्राटाला सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट द्यायला सुरुवात केली. आसवर पानांची माळ राहिली. नीरोच्या आधीच्या नाण्यांना हा नियम लावू नये, आणि नंतरही थोडे अपवाद सापडतात, पण दुसऱ्या शतकातल्या नाण्यांना तो बिनदिक्कत वापरावा.

याच नाण्यांच्या मागच्या बाजूला एस आणि सी ही दोन मोठी अक्षरं असतात: सेनातुस कोन्सुल्तो, सिनेटच्या ठरावानं. सिनेटचा या नाण्यांवर नेमका किती अधिकार होता यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. ही दोन अक्षरं मैदानात, म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत, ठळक दिसली की नाणं साधारण सन २७०च्या आधीचं समजावं, एवढं पुरे.

तिसऱ्या शतकात सगळंच बिघडलं. सन २१५मध्ये सम्राट कॅराकॅलानं एक नवं चांदीचं नाणं काढलं. संग्राहक त्याला अँटोनिनियानस म्हणतात. त्याचं मूल्य दोन देनारियस मानलं जातं, पण त्यात चांदी मात्र दीड देनारियसएवढीच. दुप्पट मूल्याची खूण म्हणून त्यावरही तोच टोकदार मुकुट. सम्राज्ञी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. पुढच्या पन्नास वर्षांत या नाण्यातली चांदी घटत घटत सम्राट गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस दोन-तीन टक्क्यांवर आली. नाणं तांब्याचंच झालं, वर पातळ चंदेरी मुलामा. मुलामा उडाला की ते वीस मिलिमीटरचं, तीन-साडेतीन ग्रॅमचं, टोकदार मुकुटाचं तपकिरी नाणं उरतं. नवखे त्याला ‘लहान दुपोंडियस’ म्हणून बाजूला ठेवतात. वजन केलं तर असं होणार नाही.

अशा नाण्यांचे ढीगच्या ढीग पुरलेले सापडतात. २०१०मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका छंदिष्टाला एकाच मोठ्या मडक्यात ५२,५०३ नाणी मिळाली, वजन सुमारे १६० किलो. त्यानं मडकं उपसलं नाही, पुरातत्त्व खात्याच्या लोकांना बोलावलं. म्हणून थरांचा क्रम टिकला, आणि मडकं रिकामं जमिनीत बसवून नंतर भरलं असावं, असा अंदाज बांधता आला. नाणी तीच असती, पण एखाद्यानं घाईनं पोत्यात भरून नेली असती तर ही गोष्ट कुणालाच कळली नसती.

ऑरेलियननं २७४मध्ये थोडी दुरुस्ती केली. डायोक्लेशियननं सन २९४च्या सुमारास पुन्हा एक भरदार नाणं काढलं, दहा ग्रॅमचं. त्याला नुमुस किंवा फॉलिस म्हणतात. मग त्याचीही उतरण लागली: ३१३च्या आसपास सव्वातीन ग्रॅम, ३३०ला अडीच, ३३५नंतर दीड-पावणेदोन. महागाई अशी काट्यावरच मोजता येते, आणि म्हणून चौथ्या शतकात वजन हीच अर्धी तारीख असते. या काळातल्या बऱ्याच नाण्यांची खरी नावं आपल्याला ठाऊक नाहीत, तेव्हा अभ्यासकांनी व्यासावरून चार आकार पाडले: २५ मिलिमीटरच्या वरचा पहिला, २१ ते २५ दुसरा, १७ ते २१ तिसरा, त्याखालचा चौथा.

मग चेहऱ्याकडे पाहावं, पण ओळख पटवण्यासाठी नव्हे. दोनच गोष्टी शोधायच्या. दाढी आहे का? सन ११७मध्ये गादीवर आलेल्या हेड्रियनच्या आधीचे सम्राट नाण्यांवर जवळपास सगळेच सफाचट. हेड्रियनपासून दाढ्या सुरू होतात. तिसऱ्या शतकात त्या आखूड खुंटांवर येतात. कॉन्स्टन्टाइनपासून पुन्हा गुळगुळीत गाल. चौथ्या शतकाच्या मध्यात लांब दाढी दिसली तर तो बहुधा ज्युलियन, ज्यानं मुद्दाम ग्रीक तत्त्वज्ञासारखी दाढी राखली होती. दुसरी गोष्ट डोक्यावरचा साज. पानांची माळ सर्व काळात भेटते, टोकदार मुकुटाचं वर आलंच. मोत्यांचा किंवा फुलांच्या चकत्यांचा पट्टा मात्र कॉन्स्टन्टाइननं ३२४नंतर आणला. 

आता अक्षरं. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही, ओळखायची संक्षेपरूपं वीस-पंचवीसच आहेत. यू नाही, त्याच्या जागी सगळीकडे व्ही. सुरुवातीच्या काळात नावाच्या आगेमागे पदव्यांची माळ असते: इम्पेरातोर, सीझर, ऑगस्टस, पोन्तिफेक्स माक्सिमुस, ट्रिब्यूनचा अधिकार, कॉन्सलपद. शेवटच्या दोहोंपुढे आकडे येतात आणि तिथं खरी गंमत आहे. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला १०३मध्ये, सहाव्यांदा ११२मध्ये. म्हणजे ‘कोस’ या कॉन्सलपदाच्या संक्षेपापुढे व्ही एकटा असेल तर नाणं १०३ ते १११मधलं, व्हीनंतर एक दांडी असेल तर ११२ ते ११७मधलं. एका दांडीवर दशक बदलतं. उलट हेड्रियन ११९मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल झाला आणि तिथंच थांबला. त्याच्या ‘कोस’ तीनवरून एकोणीस वर्षांतलं कुठलंही साल निघू शकतं. तो नम्रपणा असेल, पण संग्राहकांना महाग पडला.

चौथ्या शतकात ही माळ आटते. सुरुवातीला डी एन, ‘आमचा स्वामी’. शेवटी पी एफ ए व्ही जी, म्हणजे धर्मशील, भाग्यवान, ऑगस्टस. वारसदार असेल तर नोब सी किंवा नोब काएस. ‘ए व्ही जी’ या संक्षेपात जी किती वेळा आहे यावरून एकाच वेळी किती ऑगस्टस होते हे कळतं, दोन जी म्हणजे दोघं, तीन म्हणजे तिघं. पण यावर डोळे झाकून विसंबू नये. छावणीच्या वेशीचं चित्र असलेली नाणी ३२४नंतर कॉन्स्टन्टाइन एकटाच ऑगस्टस उरलेला असतानाही दोन जी घेऊनच निघत होती.

मागच्या बाजूला एकटी उभी बाई असेल तर ती बहुधा देवता नसून एखादा गुण असतो: शांती, निष्ठा, सुबत्ता. तिचं नाव घासलेलं असलं तरी हात वाचता येतात. आपल्याकडे चतुर्भुज मूर्ती केशवाची की माधवाची हे शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहे यावरून ठरतं, अगदी तसंच. तराजू आणि धान्यफळांनी भरलेलं शिंग म्हणजे न्याय्य व्यवहार, आएक्विटास. सुकाणू आणि शिंग म्हणजे फोर्तूना, दैव. ऑलिव्हची फांदी म्हणजे शांती. वाटीतून सापाला पाजणारी सालुस, आरोग्य. फूल धरून दुसऱ्या हातानं वस्त्राचा काठ उचलणारी स्पेस, आशा. कणसं आणि धान्याचं माप म्हणजे आन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवी. मला या सगळ्यांत आन्नोनाचं नाणं फार बोलकं वाटतं, कारण ती सामान्य माणसाच्या पोटाची गोष्ट करते. रोमचं धान्य जहाजांनी इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून येई. ते वेळेवर येईल असं आश्वासन सरकार तांब्यावर ठोकून घरोघर पोचवत होतं.

उरली तळची पट्टी. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून टाकसाळी तिथं आपली खूण घालू लागल्या, म्हणजे माल खोटा निघाला तर कुठल्या टाकसाळीचा, कुठल्या विभागाचा, हे कळावं. एएनटी म्हणजे अँटिओक, एएलई म्हणजे अलेक्झांड्रिया, एसआयएस म्हणजे सिस्किया, टीआर म्हणजे ट्रियर, एक्यू म्हणजे अक्विलेया. पश्चिमेत विभागासाठी पी, एस, टी, क्यू म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पूर्वेत ग्रीक अल्फा, बीटा, गॅमा. टाकसाळींचं आयुष्यही उपयोगी पडतं. लंडनची टाकसाळ ३२५मध्ये बंद झाली, कॉन्स्टॅन्टिनोपलची ३२६मध्ये सुरू झाली. खूण लंडनची असेल तर नाणं ३२५नंतरचं नव्हे.

इथं एक खोडा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव ३२८मध्ये बदलून कॉन्स्टान्टिना झालं. म्हणून त्या टाकसाळीची खूण सीओएनएसटी अशी दिसू लागली. कॉन्स्टॅन्टिनोपलची खूण सीओएनएस. फरक पाहायचा तो विभागाच्या अक्षरात. पी किंवा एस पुढे लागलेला असेल तर आर्ल, मागे ग्रीक अक्षर लोंबत असेल तर कॉन्स्टॅन्टिनोपल.

एक नाणं घेऊन हे सगळं क्रमानं लावून पाहू. समजा व्यास साडेसतरा मिलिमीटर, वजन २.३ ग्रॅम, रंग गडद तपकिरी. तिसऱ्या आकाराचं, म्हणजे बहुधा चौथं शतक. चेहरा गेलेला, पण दाढी नाही आणि डोक्यावर मोत्यांचा पट्टा ओळखू येतो, म्हणजे ३२४च्या पुढचं. डावीकडचा लेख पूर्ण पुसलेला. उजवीकडे एनव्हीएस, मग एमएएक्स, मग एव्हीजी. मागे दोन सैनिक समोरासमोर, हातात भाले आणि ढाली, मधे दोन निशाणं. तळाशी एसएमएएन, पुढचं अक्षर अर्धं.

आता कॉन्स्टन्टाइनच्या घरात नावांचा घोळ ठरलेलाच. बाप कॉन्स्टान्टिनुस, हयात मुलांतला थोरलाही कॉन्स्टान्टिनुस, मधला कॉन्स्टान्टिउस, धाकटा कॉन्स्टान्स. पहिली सात अक्षरं चौघांचीही सारखी. म्हणून लेखाचा आरंभ आणि शेवट पाहायचा, मधलं सोडून द्यायचं. माक्सिमुस ही पदवी ३१२मध्ये सिनेटनं बापाला दिली, आणि सैनिकांच्या या नाण्यांवर ती त्याचीच. थोरल्या मुलाच्या नावापुढे आयव्हीएन, म्हणजे धाकटा, आणि मग नोब सी. मधल्याच्या आणि धाकट्याच्या नावाआधी बहुधा एफएल आयव्हीएल. मुलांच्या डोक्यावर सहसा पानांची माळ असते, मोत्यांचा पट्टा बापाकडे. सगळे धागे एकाच माणसाकडे गेले. आता मागची बाजू. ‘सैन्याचा गौरव’ असा लेख असलेली ही सैनिकांची नाणी ३३०मध्ये निघाली. ३३५च्या सुमारास वजन घटवलं तेव्हा दोन निशाणांचं एकच केलं. म्हणजे आपलं नाणं ३३० ते ३३५, कॉन्स्टन्टाइन पहिला, एसएमएएन म्हणजे पवित्र टाकसाळ अँटिओक, आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. अर्धं राहिलेलं ग्रीक अक्षर लागलं तर विभागही कळेल, नाही लागलं तर तेवढी जागा रिकामी ठेवायची. चेहऱ्याची गरज एकदाही पडली नाही.

हे ताडून पाहायला ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही दहा खंडांची सूची आहे. पहिला खंड १९२३चा, दहावा १९९४चा. ती विकत घेण्याची गरज आता उरलेली नाही. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीनं तिच्यावर आधारलेली ओसीआरई नावाची विनामूल्य ऑनलाइन सूची केली आहे. तीत सम्राट, टाकसाळ आणि वाचता आलेली अक्षरं टाकून शोध घेता येतो.

साफसफाईबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठानं किंवा पितळ घासायच्या पुडीनं लख्ख होतात, म्हणून नाण्यावरही तो प्रयोग केला जातो. आम्लानं शतकांचा थर उतरतो, आणि अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच राहिलेली असतात, खाली नव्हे. माती काढायची तर नाणं ऊर्ध्वपातित पाण्यात महिनोन् महिने भिजत ठेवावं, पाणी बदलत राहावं, मऊ ब्रशनं किंवा बांबूच्या काडीनं भिंगाखाली हलकेच टोकरावं. त्यानंही निघत नसेल तर राहू द्यावं. खरा शत्रू वेगळाच: नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि पुसूनही परत आली तर धातूत क्लोराइड मुरलंय आणि हवेतल्या ओलाव्यानं ते धातू खातंय. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा रोग झपाट्यानं वाढतो. असं नाणं लगेच इतरांपासून वेगळं करावं, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावं आणि जाणकार संवर्धकाला दाखवावं. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकची पाकिटंही टाळावीत, त्यातून निघणारं आम्ल धातूला चिकट हिरवं करतं.

खोट्या नाण्यांची भीती मोठ्या सेस्टर्टियसमध्ये जास्त. ही कला जुनी आहे. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोनं सेस्टर्टियसच्या इतक्या सुंदर प्रतिकृती केल्या की आज त्या स्वतःच संग्राह्य आहेत. आजचा नकली माल इतका गुणी नसतो. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ, मैदानात हवेचे बारीक बुडबुडे, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलसर, वजन भलतंच कमी किंवा जास्त. त्याहून चिडवणारा प्रकार म्हणजे खऱ्या झिजलेल्या नाण्यावर नव्यानं केस आणि चुण्या कोरणं. सारख्या उंचीच्या भागांची झीज सारखी असते. गाल सपाट आणि केसांची बट मात्र धारदार असेल तर कुणाची तरी छिन्नी फिरलीय.

विकत घेताना न धुतलेल्या नाण्यांचे स्वस्त गठ्ठे घेऊ नयेत, हे माझं ठाम मत. त्यांतली पुष्कळ नाणी पूर्व युरोपातल्या शेतांतून, कुठलीही नोंद न होता उकरलेली असतात. एकच नाणं, पण जुन्या संग्रहाच्या पावतीसकट घेतलेलं बरं. भारतात १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूच ठरतात. ती विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलं असेल तर १८७८चा निखात निधी कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

रोमन नाणी आपल्याकडे येत होती हे जुनंच आहे. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेरहून भडोचला जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे, आणि भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी फायद्यानं बदलून मिळत हेही त्यात आहे. त्या व्यापारात तांब्याला जागा नव्हती. आपल्या हद्दीबाहेर तांब्याच्या नाण्याला धातूपलीकडे किंमत नसते. गंमत म्हणजे रोमन तांबं दक्षिणेत आलं ते उशिरा, चौथ्या-पाचव्या शतकातलं. करूरला अमरावती नदीच्या आणि मदुरैला वैगैच्या पात्रात ती बारकी नाणी सापडतात. आर. कृष्णमूर्ती यांनी ती जमवून त्यांचा अभ्यास केला. श्रीलंकेत तर ती हजारोंनी मिळाली आहेत.

आणि तिथं वर सांगितलेली सगळी रीत गुडघे टेकते. कारण त्यांत स्थानिक नकला पुष्कळ आहेत. एक सेंटिमीटरच्या आसपास व्यास, वजन ग्रॅमभर किंवा त्याहून कमी, सम्राटाच्या जागी एक गोळा आणि दोन रेघा, अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या दांड्या, तळाला खूण नाही. ठोकणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं, त्याला फक्त नाणं कसं दिसतं हे ठाऊक होतं. अशा तुकड्याला सम्राट नाही, साल नाही, टाकसाळ नाही. त्याच्याबद्दल काही सांगू शकेल अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तो कुठल्या गावात, नदीच्या कुठल्या वळणावर, कशाच्या सोबत मिळाला. म्हणून पाकिटावरच्या चिठ्ठीत वजन आणि व्यासाच्याही आधी ठिकाणाची ओळ लिहावी. विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर ते नाणं घेऊ नये.